‘कोठें’ आणि ‘जेथें’ : इंग्रजी नामवाक्याची कुळकथा

इंग्रजी शिकलेल्या कोणाही मराठी माणसाला ‘नाउन क्लॉज’, म्हणजे नामवाक्य, हा शब्द ऐकतांच परीक्षेची प्रश्नपत्रिका आठवते. खालील उताऱ्यांतील पोटवाक्यें ओळखा, त्यांचे प्रकार सांगा, तीं कोणतें कार्य करितात तें लिहा. एवढ्यापुरता हा विषय पाठ करावयाचा आणि पुढें जन्मभर त्याचें नांव काढावयाचें नाहीं, अशीच बहुतेकांची रीत असते. पण श्रोतेहो, या रुक्ष प्रश्नामागें एक मोठा इतिहास आहे. तो जर्मनींत सुरू होतो, इंग्लंडांतील शाळांतून हिंदुस्थानांतील विद्यापीठांत उतरतो आणि तेथून वर्धा व वैनगंगा यांच्या कांठच्या अरण्यांतील शाळांपर्यंत येऊन पोंचतो. शिवाय या विषयाची अर्धीअधिक उकल आपल्या मराठी भाषेनेंच करून ठेविलेली आहे. ती कोणती, तें आज सांगावें असें मनांत आहे.

आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतीलच दाखला घेऊं. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांचा संगम होऊन प्राणहिता होते, आणि ती दक्षिणेस वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. आतां तीन इंग्रजी वाक्यें ऐकावीं. पहिलें, ‘टेल मी व्हेअर द रिव्हर्स मीट.’ दुसरें, ‘धिस इज द प्लेस व्हेअर द रिव्हर्स मीट.’ तिसरें, ‘वुई हॉल्टेड व्हेअर द रिव्हर्स मीट.’ तिन्ही वाक्यांच्या शेवटचे चार शब्द अक्षरशः एकच आहेत. तरी व्याकरणकार म्हणतात कीं, पहिल्या वाक्यांत ते चार शब्द मिळून नामवाक्य होतें, दुसऱ्यांत विशेषणवाक्य आणि तिसऱ्यांत क्रियाविशेषणवाक्य. पहिल्यांत ‘काय सांग?’ या प्रश्नाचें तें उत्तर आहे, म्हणून तें नामाचें काम करितें. दुसऱ्यांत तें ‘प्लेस’ या नामाचें वर्णन करितें. तिसऱ्यांत मुक्काम कोठें झाला हें सांगून क्रियापदाला मर्यादा घालितें. विवरण बरोबर आहे; पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढें चारही शब्द तेच राहतात, आणि तो शेवटीं अंदाजानें उत्तर लिहितो.

आतां तींच तीन वाक्यें मराठींत बोलून पाहावीं. ‘नद्या कोठें मिळतात तें सांग.’ ‘नद्या जेथें मिळतात तें हें ठिकाण.’ ‘नद्या जेथें मिळतात तेथें आम्हीं मुक्काम केला.’ पहिल्या वाक्यांत ‘कोठें’ आलें, पुढील दोहोंत ‘जेथें’ आलें. कोणीहि शिकविल्यावांचून पांच वर्षांचें मराठी मूल हा भेद पाळतें. ‘नद्या जेथें मिळतात तें सांग’ असें तें म्हणणार नाहीं. इंग्रजीनें एकाच ‘व्हेअर’च्या पोटांत जीं दोन कामें कोंबलीं, तीं मराठीनें दोन निरनिराळ्या शब्दांना वांटून दिलेलीं आहेत.

ही वांटणी एका शब्दापुरती नाहीं. कोण आणि जो, काय आणि जें, केव्हां आणि जेव्हां, कसा आणि जसा, किती आणि जितका, कोणीकडे आणि जिकडे, अशी दुहेरी ओळच आपल्या भाषेंत उभी आहे. ‘क’काराची ओळ प्रश्नाची, ‘ज’काराची ओळ संबंधाची. पोटवाक्यांत ‘क’ आला कीं आंत एक प्रश्न दडलेला आहे असें समजावें, आणि तें पोटवाक्य बहुधा नामवाक्य असतें. ‘ज’ आला कीं तें बहुधा विशेषणवाक्य किंवा क्रियाविशेषणवाक्य असतें. ‘ही वॉज स्लीपिंग व्हेन द टायगर केम’ याचें मराठी ‘वाघ आला तेव्हां’ किंवा ‘जेव्हां वाघ आला’ असें होतें. पण ‘नोबडी नोज व्हेन द टायगर केम’ याचें मराठी ‘वाघ केव्हां आला तें कोणास ठाऊक नाहीं’ असेंच होतें. येथें आणखी नियम सांगण्याची गरज राहत नाहीं.

मराठीनें दुसरीहि एक खूण ठेविली आहे. नामवाक्य संपलें कीं आपण ‘हें’ अथवा ‘तें’ असें एक सर्वनाम त्याच्यामागें जोडतों, आणि विभक्तीचे सारे प्रत्यय त्या सर्वनामाला लागतात. ‘तळें कां आटलें हें समजत नाहीं.’ ‘पाऊस किती पडतो यावर धानाचें पीक अवलंबून आहे.’ ‘कोण जाणार याचा निकाल लागला नाहीं.’ इंग्रजी व्याकरणांत मुलें घोकतात कीं, नामवाक्य कर्ता होतें, कर्म होतें, पूरक होतें, शब्दयोगी अव्ययाच्या पुढें येतें, नामाच्या समानाधिकरणांत येतें. त्यांतील बहुतेक भेद मराठींत ‘हें’, ‘यावर’, ‘याचा’ या रूपांवरून उघड दिसतात. सबंध वाक्याला नामाप्रमाणें विभक्ति लागते, याहून त्याच्या नामपणाचा अधिक पुरावा कोणता हवा?

आतां इतिहासाकडे वळूं. इंग्रजीचे ‘हू’, ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘हाउ’ हे शब्द आणि आपले ‘कोण’, ‘काय’, ‘कोठें’ हे शब्द एकाच प्राचीन कुळांतले आहेत. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ते ‘ह्व’ अशा उच्चारानें सुरू होत. लॅटिनींत त्याच जागीं ‘क्व’ दिसतो आणि संस्कृतांत ‘कः’, ‘किम्’, ‘कदा’ यांतील ‘क’. जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनीं १८२२ सालीं जर्मानिक भाषांतील वर्णांतराचे नियम पद्धतशीर मांडले. मूळचा ‘क’ त्या शाखेंत ‘ह’ कसा होतो, तें त्यांवरून समजतें. आपला ‘ज’ मात्र संस्कृतांतील ‘यः’, ‘यदा’, ‘यत्र’ यांतील ‘य’पासून आला. म्हणजे इंग्रजीचे हे शब्द आमच्या ‘क’काराचे सोयरे आहेत, ‘ज’काराचे नव्हत.

जुन्या इंग्रजींत या शब्दांचें मुख्य काम प्रश्न विचारण्याचें, आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटांत घालण्याचें. नामाचें वर्णन करण्याचें काम त्या काळीं निराळ्या शब्दांकडे होतें. आजचा ‘दॅट’ त्यांच्यापैकीं एकाचा वंशज. पुढें बाराव्या शतकानंतर प्रश्नशब्द हळूहळू या दुसऱ्या कामांतहि शिरले. ‘विच’ आधीं रुळला, आणि कर्तृपदीं येणारा ‘हू’ तर पंधराव्या-सोळाव्या शतकांत नीट स्थिर झाला. यावरून प्रश्नशब्दानें सुरू होणारें नामवाक्य हा या शब्दांचा जुना घरोबा आहे, आणि विशेषणवाक्य हा मागाहून जोडलेला संबंध आहे, असें ठरतें. शालेय पुस्तकांत हा क्रम दिसत नाहीं. तेथें तिन्ही प्रकार एका पानावर भावंडांसारखे बसविलेले असतात.

वाक्याचे असे तुकडे पाडण्याची पद्धत आली कोठून? पाणिनीच्या परंपरेंत वाक्यविचार नाहीं असें नव्हे. पण नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही त्रयी तेथें नाहीं. लिंडले मरे यांचें इंग्रजी व्याकरण १७९५ सालीं निघालें आणि पुढें अर्धशतकभर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हातीं राहिलें. त्यांत भर होता तो शब्दांच्या जातींवर. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केलें, त्या वेळीं इंग्लंडांतल्या शाळांतसुद्धां ही त्रयी रुळलेली नव्हती. तिचा मूळ पुरस्कर्ता जर्मनीचा कार्ल फर्डिनांड बेकर. हा गृहस्थ मूळचा वैद्य. शरीराचे अवयव जसे, तसे वाक्याचेहि अवयव असून प्रत्येकाला नेमून दिलेलें काम असतें, असें तो मानी. एक सबंध वाक्य दुसऱ्या वाक्यांत नामाची किंवा विशेषणाची जागा घेऊं शकतें, हा विचार त्याच्या ग्रंथांतून पसरला. इंग्लंडांतील शाळांचे सरकारी तपासनीस जॉन डॅनियल मॉरेल यांनीं १८५२ सालीं वाक्यपृथक्करणावर पुस्तक लिहून तो इंग्रजी शाळांत आणिला. तपासनीसाचेंच पुस्तक, तेव्हां शाळांनीं तें उचललें यांत नवल नाहीं.

याच सुमारास आमच्या भागांत राज्य बदललें. १८५३ च्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढल्या वर्षीं त्यांचें राज्य खालसा झालें. त्यांत चांदाहि गेलें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. सिरोंचा हें ‘अपर गोदावरी’ नांवाच्या निराळ्या जिल्ह्याचें ठाणें होतें; तो जिल्हा १८७४ सालीं मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलें. या प्रांताला दीर्घकाळ स्वतःचें विद्यापीठ नव्हतें. प्रथम कलकत्ता, मग अलाहाबाद आणि १९२३ पासून नागपूर, अशा क्रमानें येथील विद्यार्थी परीक्षेस बसले. दूरच्या शहरांतील परीक्षक जें विचारील तें चांद्याच्या शाळेंत शिकविलें जाई, आणि परीक्षकाला वाक्यपृथक्करण फार सोईचें वाटे, कारण त्यांत उत्तर एक तर बरोबर असतें किंवा चूक.

त्यानंतर नेसफील्ड आले. १८९८ सालचें त्यांचें ‘मॅन्युअल’ आणि त्यांची व्याकरणमाला यांनीं हिंदुस्थानांतील वर्ग भरून टाकिले. पुढें १९३५ च्या सुमारास रेन आणि मार्टिन यांचें जाडजूड पुस्तक आलें, आणि तें अजून दुकानांत मिळतें. यांतील पर्सिव्हल रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत होते. ‘ब्यू जेस्त’ ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी त्यांचीच. घरोघरीं त्यांचें व्याकरण आहे. पण त्यांनीं एक साहसकथा लिहिली हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

इंग्रजीच्या या अभ्यासाचा परिणाम मराठी व्याकरणावरहि झाला. केवलवाक्य, मिश्रवाक्य, संयुक्तवाक्य, प्रधानवाक्य, गौणवाक्य, हे शब्द आज शाळेंतल्या मुलाला अस्सल देशी वाटतात. त्यांची घडण संस्कृत आहे, पण त्यांतील विभागणी इंग्रजी पुस्तकांच्या द्वारें आली. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. हे कवि केशवसुतांचे धाकटे बंधु. त्यांनीं इंग्रजी व संस्कृत या दोन्ही परंपरा समोर ठेवून मराठीचा स्वतंत्र विचार केला, आणि त्यांचा ग्रंथ आजहि प्रमाण मानला जातो. परंतु शाळेच्या छोट्या पुस्तकांत तो सूक्ष्म विचार कोठून यावा? तेथें इंग्रजीच्या कोष्टकांत मराठी वाक्यें भरलीं गेलीं. त्यामुळें दोन्ही भाषांत जें सारखें तें मुलांना दिसलें. जें निराळें तें झांकलें गेलें.

तें निराळेपण कोणतें? मराठींत प्रश्न वाक्याच्या पोटांत गेला तरी त्याचा क्रम बदलत नाहीं. ‘तो कोठें राहतो?’ हा प्रश्न, आणि ‘तो कोठें राहतो तें मला ठाऊक आहे’ हें विधान; आंतले तीन शब्द जसेच्या तसे. इंग्रजींत मात्र ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’ याचें ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’ असें होतें. ‘डझ’ गळालें, आणि त्यानें उचलून धरलेला प्रत्यय मुख्य क्रियापदाला परत मिळाला. मराठी मुलगा ‘आय नो व्हेअर डझ ही लिव्ह’ असें लिहितो तें बुद्धि कमी म्हणून नव्हे. तो आपल्या भाषेचा क्रम इमानानें पाळतो, इतकेंच.

या ‘डझ’ची कथाहि ऐकण्यासारखी आहे. पूर्वीच्या इंग्रजींत प्रश्न विचारतांना मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढें येई. ‘व्हेअर लिव्ह्ज ही?’ असें लोक बोलत. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत तेथें ‘डू’ हें साहाय्यक क्रियापद रुळलें. पोटांतल्या प्रश्नाला हा फेरफार लागला नाहीं. तो आधींच सरळ क्रमानें बोलला जात असे, आणि तसाच राहिला. म्हणून मुलाला ‘डझ काढून टाक’ असें सांगण्यापेक्षां ‘येथें प्रश्न विचारलेला नाहीं, प्रश्नाचें नुसतें नांव घेतलें आहे’ असें सांगितलें तर तें पटतें. वाक्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह कां नाहीं, याचेंहि उत्तर त्यांतच आहे.

काळाचेंहि तसेंच. ‘तूं कोठें राहतोस असें त्यानें मला विचारलें’ या वाक्यांत विचारणाराचे शब्द, त्याचा ‘तूं’ आणि त्याचा वर्तमानकाळ, तिन्ही अभंग राहतात. इंग्रजींत ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. क्रम फिरला, पुरुष फिरला, काळहि मागें सरला. एका वाक्यांत तीन पालट. मराठी दुसऱ्याच्या तोंडचे शब्द तसेच ऐकविते. इंग्रजी ते सांगणाराच्या जागेवरून पुन्हा मांडून देते.

‘क’ आणि ‘ज’ यांच्या खुणेला एक अपवाद आहे, तोहि सांगितला पाहिजे. ‘व्हॉट ही सेड वॉज ट्रू’ यांतील पहिल्या तीन शब्दांना इंग्रजी पुस्तकें नामवाक्यच म्हणतात. मराठींत मात्र ‘तो जें बोलला तें खरें होतें’ असें होतें. ‘काय’ चालत नाहीं. कारण येथें आंत प्रश्न नाहीं. येथील ‘व्हॉट’ म्हणजे ‘जी गोष्ट’. उलट ‘आय आस्क्ड व्हॉट ही सेड’ याचें ‘तो काय बोलला तें मीं विचारलें’ असें होतें. इंग्रजीनें दोहोंना एकच नांव दिलें तरी त्यांची जात निराळी आहे, आणि ती निराळी आहे हें मराठी कानाला आपोआप कळतें. अपवाद म्हणून ज्याला भ्यावें, तोच येथें आपल्याला अधिक बारकावा शिकवितो.

येथवर मीं ‘आपली मराठी’ असें म्हणत आलों. पण आमच्या अरण्यांतील जिल्ह्यांत सर्व मुलांची घरची भाषा मराठी नाहीं. गडचिरोली हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळा झाला. त्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचाकडे तेलुगु बोलली जाते. भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूला माडिया व गोंडी. या तिन्ही द्राविडी कुळांतल्या. तेलुगु मूल नद्यांचा प्रश्न असा विचारील : ‘नदुलु एक्कड कलुस्तायि?’ आणि ‘कोठें मिळतात तें सांग’ म्हणावयाचें तर ‘नदुलु एक्कड कलुस्तायो चेप्पु’. क्रियापदाच्या शेवटीं एक ‘ओ’ लागला कीं प्रश्नाचें नामवाक्य झालें. इंग्रजी हें काम शब्दांच्या क्रमानें करिते, मराठी ‘तें’ जोडून करिते, तेलुगु एका स्वरानें करिते.

गोंडीचे प्रश्नशब्द बव्हंशीं ‘ब’काराचे, ‘बोर’ म्हणजे कोण. विल्यम्सन यांनीं १८९० सालीं गोंडीचें व्याकरण व शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, आणि १९१९ सालीं चेनेव्हिक्स ट्रेंच यांनीं बैतुलकडील गोंडीचें व्याकरण दिलें. म्हणजे या भाषेला व्याकरण नाहीं असें म्हणण्याची सोय शंभर वर्षांपूर्वींच संपली. द्राविडी भाषांत ‘जो-तो’ ही जोडी मूळची नाहीं. ‘जो माणूस काल आला तो’ असें न म्हणतां ‘काल आलेला माणूस’ अशा धाटणीनें त्या बोलतात. शेजारच्या भाषांच्या सहवासानें कांहीं ठिकाणीं दुसरी रचनाहि शिरली आहे. तेव्हां ‘क आणि ज पाहा’ असें शिक्षकानें सांगितलें, तर मराठी मुलाला जो आधार घरचा वाटतो, तोच माडिया मुलाला इंग्रजीइतका परका. त्याला आधीं एका परभाषेची खूण शिकावी लागते, आणि मग तिच्या आधारानें दुसऱ्या परभाषेची.

यांत बिघडतें काय? महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविली जाते. वनखात्याच्या परीक्षेला बसणाऱ्या, दवाखान्यांत परिचारिका होऊं पाहणाऱ्या, ताडोबाच्या जंगलांत परदेशी पाहुण्यांना वाट दाखविणाऱ्या तरुणाला हें पोटवाक्य रोज लागतें. पाहुणा सरळ प्रश्न क्वचितच करितो. ‘वाघ कोठें दिसला तें सांगूं शकाल काय?’ अशाच आडवळणानें, सभ्यपणानें विचारतो. त्या सभ्यपणाचें सारें वजन नामवाक्यावर असतें. तें ज्याला उलगडत नाहीं तो जंगल तळहातासारखें जाणत असूनहि गप्प राहतो, आणि पाहणाराला वाटतें कीं याला कांहीं ठाऊकच नाहीं. ज्ञान आहे, पण तें सांगावयाला वाक्य नाहीं, ही अवस्था कोणाहि तरुणावर येऊं नये.

उपाय खर्चाचा नाहीं. नामवाक्य शिकवितांना शिक्षकानें फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहावें आणि वर्गाला विचारावें, ‘हें तुमच्या घरीं कसें म्हणतात?’ मराठी मूल ‘कोठें’ म्हणेल, तेलुगु मूल ‘ओ’ लावील, गोंडी मूल आपला ‘ब’चा शब्द काढील. मग ‘नद्या मिळतात तें ठिकाण’ हेंहि त्यांच्याकडूनच वदवून घ्यावें. दोन्हींतला भेद मुलें स्वतःच ऐकतील, आणि नियमाचें नांव त्यानंतर सांगितलें तरी चालेल. २०१९ सालीं धानोरा तालुक्यांतील मोहगांव येथें ग्रामसभेनें गोंडी माध्यमाची शाळा काढिली. त्या शाळेसंबंधानें कोणाचें मत काय असावें हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मुलाची घरची भाषा ही शिक्षणाची अडचण नसून साधन आहे, ही त्यामागची भूमिका व्याकरणाच्या तासालाहि लागू पडते.

दादोबांच्या काळीं इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसानें आपल्या भाषेकडे नव्या दृष्टीनें पाहिलें, म्हणून मराठीला व्याकरण मिळालें. आतां आपल्या व आपल्या शेजाऱ्यांच्या भाषांच्या आधारें इंग्रजीकडे पाहण्याची पाळी आहे. बेकरपासून रेनपर्यंत सर्वांनीं नामवाक्याच्या व्याख्या केल्या. ‘कोठें’ आणि ‘जेथें’ यांतला भेद मात्र त्या व्याख्यांच्या कितीतरी आधीं आपल्या आयांनीं आपल्याला शिकविला. घरांत इंग्रजी शिकणारें मूल असेल तर आज रात्रीं त्याला एवढेंच विचारून पाहावें. पुस्तक उघडण्याची गरज पडणार नाहीं.